चतकोर प्रोसेसर

कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ कुणी मुद्दाम भरत नाही, तरी झाकण काढलं की मूठभर निघतेच. किश्शांचंही तसंच आहे. साकोलीच्या बसस्टँडसमोर गजूचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी शिक्षक; शाळा सुटली की महिनाभर तिथे जाऊन बसत होतो. कॉम्प्युटर यायचा तेव्हा आला, किस्से मात्र रोज घरी येत होते!

काम साधं होतं. टीव्हीला जोडून ठेवता येईल असा एक कॉम्प्युटर हवा होता. माझी पत्नी सुनंदा गेल्या वर्षी गेली. मुलीनं मोबाइलवर काढलेला तिचा एक व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये उरला आहे. घरच्याच पंगतीत ती पोळ्या वाढते आहे. वाढत वाढत माझ्यापुढे येते, थांबते, तोंड उघडते, आणि नेमका तिथेच माझा जुना कॉम्प्युटर अडकतो. ती काय म्हणाली होती, ते मला आठवत नव्हतं.

मी ठरवलं, जो प्रोसेसर तिला बोलू देईल तोच घ्यायचा.

*

पहिल्याच दिवशी गजूनं विचारलं, "सर, किती कोरचा पायजे?"

"कोर म्हणजे?"

"आतले मजूर समजा. जेवढे कोर, तेवढं काम भराभर."

बाजूच्या खुर्चीत लांजेवारकाका होते. धानाचे शेतकरी. सातबाऱ्याची प्रिंट काढायला येतात आणि दुकान बंद होईस्तोवर बसतात. ते म्हणाले, "म्हणजे रोवण्याले बाया लावल्यासारखं! पण गजू, धानाच्या एवढुशा बांदीत आठ बाया घातल्या, तर एकमेकीच्या पायावरच रोवतीन ना गा!"

*

गजूनं मग चार कोरचा दाखवला. "हा क्वाड कोर."

काकांनी कानावर हात धरला. "कोणता?"

"क्वाड कोर, काका! चार कोर!"

"चतकोर? बाजारात अख्खी भाकर असून सर चतकोर कायले घेते?"

तेव्हापासून दुकानात त्याचं नाव चतकोर पडलं. गजूनं तर खोक्यावर मार्करनं तसं लिहूनच टाकलं. दोन दिवसांनी पवनीचं एक गिऱ्हाईक आलं. खोका हातात घेऊन उलटापालटा केला आणि गंभीरपणे विचारलं, "हा चतकोर आहे, तं उरलेला पाऊण कोणाले विकला?"

*

गजू धंद्यात पक्का, पण लबाड नाही. एक दिवस स्वतःच म्हणाला, "सर, खरं सांगू? व्हिडिओसाठी कोर मोजू नका, प्रोसेसरची पिढी पाहा. नव्या पिढीले नवे व्हिडिओ लवकर समजते."

काका उसळले. "आमच्या घरी या! नव्या पिढीले व्हिडिओशिवाय दुसरं काही समजतच नाही!"

*

तरी मोह सुटत नाही. गजूनं एकदा आठ कोरचा, जुन्या पिढीचा, वापरलेला कॉम्प्युटर पुढे केला. डब्याला लाल, हिरवे, निळे दिवे. काका म्हणाले, "सर, हा घ्या. गावातल्या पुढच्या लग्नात मांडवाले लायटिंग नाही लागत!"

मी पेनड्राइव्ह पुढे केला. "आधी चालवून दाखव."

सुनंदा पोळ्या वाढत आली, थांबली, तोंड उघडलं. अडकली. दिवे मात्र छान फिरत होते.

गजू ओशाळला. "सर, फाईल भारी आहे. मी व्हिडिओ छोटा करून देतो. क्वालिटी थोडी कमी होईन, पण कोणत्याबी मशीनवर चालन."

"नाही," मी म्हणालो. "तिच्यातलं काही कमी करायचं नाही."

त्या दिवशी काका चहा घेऊन दुकान बंद व्हायच्या आधीच घरी गेले. असं पहिल्यांदाच झालं.

*

शेवटी नागपूरहून नव्या पिढीचे दोन प्रोसेसर आले. एक सहा कोरचा, एक चतकोर. मी म्हटलं, "आधी लहान लाव." गजूनं चतकोर बसवला, व्हिडिओ सुरू केला आणि पडद्याकडे पाठ करून सहा कोरचा खोका माझ्यापुढे नाचवायला लागला.

"सर, चतकोरवर चालला तरी सहाचाच घ्या. पुढं कामी येते."

काका म्हणाले, "सरांले कायले सहा? घरात एकटा माणूस!" बोलून गेले आणि जीभ चावली.

मी पडद्याकडे बघत होतो. सुनंदा पंगतीतून येत होती. एक पान, दुसरं पान. मग माझं पान. ती थांबली.

"सर, लवकर सांगा ना," गजू म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. कोणता पॅक करू?"

सुनंदानं तोंड उघडलं. या वेळी काहीच अडकलं नाही.

"एवढा विचार कायले करून राहिले जी? चतकोर घ्या ना!"