नको म्हणायची सोय

सासूबाईंच्या बहिणीचं उद्या ऑपरेशन, म्हणून मी सासूबाईंचं सांगलीच्या बसचं तिकीट मोबाइलवर काढत होते. पैसे भरण्याआधी पडद्यावर विम्याची चौकट आली. खाली दोनच बटणं. हिरव्यावर ‘होय, विमा हवा’. करड्यावर ‘नको, मला माझ्या जिवाची पर्वा नाही’.

मी करडं दाबणार, तोच सासूबाईंनी माझा हात धरला. “अगं, असलं अभद्र कबूल करतात का? वास्तू तथास्तु म्हणत असते.”

“आई, हे नुसतं बटण आहे.”

“मग स्वतःच्या तिकिटाला दाबशील?”

तथास्तुवर माझा विश्वास नाही, तरी बोट पुढे जाईना. मग मात्र राग आला. दारावर पापड विकणारी बाईसुद्धा ‘नको’ म्हटलं की पुढच्या घरी जाते; ‘मला पोरांना उपाशी ठेवायचंय’ असं माझ्याकडून वदवून घेत नाही. हे वाक्य कुणीतरी शिकलेल्या माणसानं, पगार घेऊन, विचारपूर्वक लिहिलंय. नकार देणाऱ्याला लाजवणं हा कुठला धंदा?

शेवटी रिक्षा करून आम्ही बसच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या माणसानं विचारलं, “विमा काढायचा का, आजी?”

“नको.”

“बरं,” म्हणत त्यानं त्यांना खिडकीजवळची जागा दिली.