गच्चीला संडासच्या टाइल

"पापड वाळवायले तुमचं घर झकास आहे. लेकरू ठेवायले नाई," माझे व्याही माझ्याच घरात, माझाच चहा पिता पिता म्हणाले.

मुलगी पहिलटकरीण. तारीख मे महिन्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आणि हे वडशाचे धानाचे व्यापारी तिला स्वतःकडेच ठेवून घ्यायला निघाले होते, कारण त्यांचं घर मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं, थंड. मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायकोने मला हाताला धरून आत नेलं. तिचेही डोळे भरले होते.

ते खोटं बोलले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. वरोऱ्यात मी पडकी घरं विकत घेतो आणि त्यांची दारं, खिडक्या, फरशा विकतो. त्याच कमाईतून हे स्लॅबचं घर उभं केलं, कोणाचा रुपया न घेता. पण गच्ची दिवसभर तापायची आणि अंधार पडला की ती सगळी आग आमच्या अंगावर सोडायची. एसीसाठी छताखालचे झरोके बुजवले होते. ऐन उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की एसी नुसता घरघरायचा. बिल मात्र पुरं यायचं.

उपाय माझ्याच आवारात पडून होता. एका दुपारी गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता मी पांढऱ्या टाइलच्या ढिगावर बसलो. शेजारच्या काळ्या फरशीवर हात टेकला तर चटका बसला. टाइल नुसती कोमट. गिऱ्हाईक निघून गेलं, मी तिथेच बसून राहिलो.

गवंडी पोट धरून हसला. "गच्चीले संडासच्या टाइल? भाऊ, काऊन हसू करून घेऊन राह्यले?"

"तुले मजुरी हसायची पाहिजे का लावायची?"

"हसायची फुकट आहे, भाऊ. लावायची सांगू?"

त्याने सांगितली आणि माझं डोकं फिरलं. तो थापी पिशवीत टाकून फाटकापर्यंत गेला. एरवी मी माणसाला रस्त्यापर्यंत जाऊ देतो, तो आपोआप वळतो. या वेळी मीच हाक मारली. मे जवळ आला होता.

टाइलचे तुकडे करून गच्चीभर बसवले. झरोके मोकळे केले. पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे उभे केले, म्हणजे ऊन तट्ट्यावर अडेल आणि मधून वारा खेळेल. मग मुलीला आणलं. व्याह्यांनी निरोप धाडला, "मे लागला का येतो. घर तापत असन तर पोरीले घेऊन जाईन."

आले ते भर दुपारी, गाडी घेऊनच. जेवून खाटेवर टेकले आणि लाइन गेली. पंखा थांबला. मी मनात वीजवाल्यांचा उद्धार केला. व्याही धानाच्या भावाबद्दल बोलत होते; बोलता बोलता मान कलली आणि घोरू लागले. बायकोने तोंडाला पदर लावला. मी तर श्वाससुद्धा जपून घेत होतो.

जागे झाले तेव्हाही लाइन आली नव्हती. त्यांनी मानेवरून हात फिरवला. मान कोरडी.

"आज ऊन कमी दिसते," ते म्हणाले.

बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझं रक्त उसळलं, पण बायको माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हणालो. "कमीच आहे."

"मामाजी, मंग मी इथीच राहतो ना?" मुलीने सासऱ्यांना विचारलं.

"राह्य, बाई. मी काई नाई म्हटलं का?"

टाइलबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, अजूनही काढत नाहीत, आणि ते मी विसरणार नाही. पण त्या दिवशी गाडी मुलीला न घेता वळली. मी आत आलो, त्यांनी सोडलेल्या खाटेवर आडवा झालो. लाइन कधी आली, मला कळलंच नाही.