कमरेची दोरी

गल्लीत सगळे त्यांना लाटवाले म्हणत. पोटासाठी ओळखपत्रांचे फोटो आणि जिवासाठी समुद्राच्या लाटा. कोसळण्याआधी उभी राहिलेली लाट टिपायची तर छातीभर पाण्यात उतरावं लागतं, आणि लाट काही विचारून येत नाही. म्हणून लग्नापासूनची रीत ठरलेली: दोरीचं एक टोक लाटवाल्यांच्या कमरेला, दुसरं धक्क्यावर बसलेल्या बायकोच्या हातात. ‘नवऱ्याला दोरीला बांधून फिरवणारी हीच एक,’ शेजारीण म्हणायची.

बायको शिवणकाम करी. दिवसभर मशीन, पहाटे दोरी. शेवटी मनगटं कामातून गेली, कात्रीही धरवेना. पण लाटवाल्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं होतं. आयुष्यभराची हौस दारात आलेली, तिला ‘माझे हात दुखतात’ म्हणून हाकलायचं कसं? ती गुपचूप दोरी धक्क्यावरच्या खुंटाला बांधू लागली आणि टोक नुसतं हातात धरून बसू लागली. खुंट माणसाला धरून ठेवतो, ओढून काढत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात ते किती पाण्यात आहेत हे धक्क्यावरून कळत नसे; रोज तिचा जीव टांगणीला लागे.

अशात प्रदर्शन भरवणाऱ्या कलादालनाच्या बाई फोटो बघायला आल्या. “जुने सुरेखच आहेत हो, पण अलीकडच्या लाटा एवढ्याशा का? समोरच्या भिंतीला एखादी मोठी हवी.”

दुसऱ्या पहाटे लाटवाले कमरेला गाठ मारू लागले आणि तिचा धीर सुटला.

“आज नका जाऊ. दोरी मी धरत नाही, खुंटाला बांधते. हात राहिले नाहीत हो माझे.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे? कसं?”

“लाट आली की तू दोरी जराशी ढिली सोडायचीस. खुंट कुठला सोडतोय? तेव्हाच कळलं. मग गुडघाभर पाण्यापुढे गेलोच नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू पुन्हा हातात धरली असतीस.” त्यांनी गाठ सोडली आणि तिच्याशेजारी मटकन बसले. “आणि खरं सांगू? मीही दमलोय गं.”

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले. तिला रडू आलं, आणि हायसंही वाटलं.

प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर गुडघाभर पाण्यातलीच लाट लागली. ती दोघं पुढ्यातल्या बाकावर बसली होती, तिचं मनगट त्यांच्या हातात. लाट जरा बारकीच आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं.

“असू दे,” ती म्हणाली. “आम्हाला पुरते.”