म्हाकूबरोबरची माणसं

येडूतात्या चहाचा पहिला घोट जमिनीवर सांडायचे. चष्मा घोंगडीने पुसायचे, त्यामुळे काचा आणखी ओरखडायच्या. गिऱ्हाइकाने घोंगडी नुसतीच चोळून पाहिली, की तोंड फिरवून बसायचे. कुणी रामराम घातला, तर आधी त्याच्या पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे. कुणाचं कौतुक करायचं झालं, तर शिवी द्यायचे. सिद्धांतला ते 'मास्तर' म्हणायचे. त्यात कौतुक नव्हतं.

सिद्धांत मराठी घेऊन एम.ए. झाला होता आणि नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याच दुकानाच्या पायरीशी तात्या घोंगड्या मांडून बसायचे. दोघांची दोस्ती होती. म्हणजे तात्या भांडायचे आणि सिद्धांत ऐकून घ्यायचा.

तात्यांच्या भावकीत नवरदेव घोड्यावर बसत नाही. त्याची गोष्ट तात्यांनीच सांगितली होती. बादशाही अमलात मेंढरांच्या चराईवर पट्टी बसली. तात्यांचा मूळपुरुष म्हाकू बंडाला उठला. आसपासच्या गावांतली सगळ्या जातींची माणसं त्याच्यामागे गेली. मग सरदाराने म्हाकूला बोलावून घोडा नजर केला. म्हाकूने तो घेतला. त्यावर बसून परत आला, तेव्हा त्याची माणसं ओढ्यात कापून टाकलेली होती. तेव्हापासून त्या घरातला नवरदेव पायी निघतो. घरातला वडीलधारा पुढे चालत त्या माणसांची नावं घेतो. एकेका नावाला नवरदेव थांबतो, हात जोडतो. एरवी ती नावं तोंडातून काढायची नाहीत. आता ती फक्त तात्यांना येत होती.

"तुमच्यातला बी एक हाय, मास्तर. पार शेवटाला," तात्या एकदा म्हणाले.

"नाव काय?"

"मल्हारच्या लग्नाला ये. कान उघडं ठेव."

सिद्धांतने हे आईला सांगितलं. आपल्या वस्तीतल्या कुणाला पणज्याच्या पलीकडचं नाव ठाऊक नव्हतं. आपलं एक नाव दुसऱ्याच्या घरात इतकी वर्षं जपलंय, यावर तिचा विश्वास बसेना. लग्न कधी आहे, हे ती रोज विचारायला लागली.

मल्हार तात्यांचा पुतण्या. त्याचं लग्न महिन्यावर आलं आणि म्हाकूवर सिनेमा आला. तात्या, मल्हार आणि सिद्धांत मिळून बघायला गेले.

पडद्यावरचा म्हाकू काळ्या चामड्याचं चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर होता. तटावरून त्याने घोड्यासकट उडी मारली. मागे आगीचे लोळ उठले. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं.

"मेंढरं कुटं हायत?" तात्या मोठ्याने म्हणाले.

"तात्या, गप बसा की."

"आन बाकीची मानसं? एकटाच बंड करतोय व्हय ह्यो? मानसांचा पगार वाचिवला जनू."

"ओ म्हातारं," मागून कुणीतरी ओरडलं, "झोप आली आसंल तर घरी जावा."

तात्या उठून बाहेर पडले. मल्हारने त्यांना पायऱ्यांवर गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"तात्या, मी वरातीला घोडा सांगितलाय."

तात्या पायरीवरच थांबले. "त्यानं घोडा घेतला म्हून मानसं मेली. म्हाईत न्हाय तुला?"

"म्हाईत हाय. लाजायचं तेवडं शिकिवलं तुमी. आज एवढं थेटर आपल्या घरातल्या मानसासाठी उभं ऱ्हायलं. आदी कवा ऱ्हायलं व्हतं, सांगा की."

मागोमाग आलेल्या सिद्धांतकडे तात्या वळले. "मास्तर, तू बोल."

"सिनेमा आहे, तात्या," सिद्धांत म्हणाला. "त्यात थोडं भव्य दाखवावंच लागतं. आणि आपल्या गोष्टीला तरी पुरावा काय?"

"आमचा नवरदेव पायी चालतो. आनिक कसला कागुद पायजे तुला?" तात्या थुंकले. "येवडं शिकून शिट्ट्या मारनाराच निगालास."

भावकी तात्यांवर उलटली. मूळपुरुष घोड्यासाठी फितला, हे बाहेर फुटलं तर गावोगावची पोरं आपली घरं फोडतील, असं मल्हारचा बाप, तात्यांचा धाकटा भाऊ, म्हणाला. हळदीच्या दिवशी तात्यांना कुणी पाट दिला नाही. शेवटी तोड निघाली. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत मल्हार पायी चालेल. तिथून घोडा.

"तेवड्यात नावं उरका," भाऊ म्हणाला.

"उरकायला भांडी हायत का?" तात्या म्हणाले. पण तयार झाले.

गावातली वरात निघाली, तेव्हा तात्या अनवाणी पुढे होते. सिद्धांत त्यांच्या खांद्याशी होता. डीजेवर सिनेमातलंच गाणं लागलं होतं. तात्या नाव घेत. मल्हार थांबून हात जोडी. तात्यांनी आवाज चढवला नाही, पाय उचलला नाही. एक नाव, मग दम, मग दुसरं. मागून पोरं ढकलत होती. "म्हातारं मुद्दाम लांबवतंय," एकजण म्हणाला.

देऊळ आलं. घोडा सजवून उभा होता. मल्हारने तात्यांकडे पाहिलं.

"राहिलेली मनात घ्या, तात्या."

तो घोड्यावर चढला.

तात्या बाजूला झाले. वरात त्यांच्यासमोरून गेली.

"पुढची?" सिद्धांतने विचारलं.

"नवरा घोड्यावर हाय."

"एकच सांगा. आमच्यातलं."

"थेटरात जा. म्हाकूला इचार."

तात्या पुन्हा नवी पेठेत आले नाहीत. पावसाळा संपता संपता मल्हारचा फोन आला. तात्या झोपेतच गेले होते. सिद्धांतच्या हातात कापड मोजायचा गज होता. तो त्याने खाली ठेवला.

"तुला सांगितली व्हती का रं नावं?" मल्हार विचारत होता. "माज्या पोराच्या लग्नात कोन घ्यायचं आता?"

"नाही सांगितली."

"जेवडी ऐकलीस तेवडी तरी म्हन."

सिद्धांतने म्हणायला सुरुवात केली. गोंदा परीट. लखू कोळी. सटवा कुंभार. हसन तांबोळी. मधली दोन गाण्यात बुडाली होती. ती मल्हारने भरली. मग राणू सुतार. त्या नावानंतर लगेच मल्हारने डावा पाय रिकिबीत घातला होता.

राणूपर्यंतच नावं झाली होती. पार शेवटचं राहिलंच.