हाताचा गुण

त्याचं नाव आता आठवत नाही, केसपेपरवर मीच लिहिलं होतं तरी. खाट अकरा, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवणारा, जुनाट खोकला. सत्तरच्या दशकात मी नागपुरात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो.

आम्हा पाच-सहा विद्यार्थ्यांपैकी तो माझ्याकडूनच तपासून घ्यायचा. दुसरं कुणी आलं की कूस बदलायचा. मी त्याच्या छातीवर बोट ठेवून ठोकू लागलो की डोळे मिटून घ्यायचा. माझ्या हाताला गुण आहे, असं मी होस्टेलवर सांगत सुटलो होतो.

एका सकाळी विचारलंच, "बाबा, माझ्याकडूनच काहून?"

"तुमच्या बोटाले शिगरेटचा वास येते जी," तो लाजत म्हणाला. "मायी बिडी सिस्टरबाईनं काढून घेतली. तेवढंच बरं वाटते."

डिसेक्शन हॉलमधल्या मुडद्यांचा वास मारायला पहिल्या वर्षी धरलेली सिगरेट होती ती. मी धावत जाऊन कार्बोलिक साबणानं बोटं घासली. पिवळेपणा जाईना. तेवढ्यात राउंड आला आणि सरांनी नेमकं मलाच फर्मावलं, "याला बिडी सोडायचं नीट समजावून सांग."

हात एप्रनच्या खिशात कोंबून मी सांगू लागलो. हा आता सगळ्यांदेखत बोलला तर? तो मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता, "हो जी, खरं हाय जी."

सर पुढच्या खाटेकडे वळले. माझ्या खिशाकडे बघत तो हळूच म्हणाला, "झालं न् जी? आता तपासा."