लांब एक, आखूड दोन

आमच्या विजयदुर्गात दुपारी झोपणारे पुष्कळ, पण उघड्या डोळ्यांनी झोपण्याचा मान एकट्या दाऊदभायचा. अठरा वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून काढली. मग दूरचं अंधुक दिसायला लागलं, डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला आणि घरी आला. घरी आला तो अंगाने. मन कुठे उतरलं ते अल्लालाच ठाऊक. त्याची बायको रुकय्याभाभी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे ऐकू येईल अशा बेताने ओरडायची, “भात निवलो! आज खंयच्या बंदरार आसात?” त्यावर हा कुठल्यातरी परक्या गावाचं नाव पुटपुटायचा आणि जेवायला बसायचा. मी पदरचं सांगत नाही, आमच्या हिनेही ऐकलंय.

पुढे शाळेत शिपायाची जागा निघाली, ती त्याला मिळाली. मी त्याच शाळेत गणित शिकवतो, म्हणजे घरीदारी शेजार एकच. १९८८च्या दिवाळीत गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेला एक कॉम्प्युटर भेट दिला. खाली पत्र्याची पेटी, वर टीव्हीसारखा पडदा. मी कोल्हापूरला त्याचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं. त्यातले चार दिवस तापात गेले, तरी पंचक्रोशीतला तज्ज्ञ मीच. समुद्राकडची टोकाची खोली त्याला दिली आणि खोलीची चावी दाऊदभायकडे.

चावी कमरेला लागली आणि माणूस बदलला. मधल्या सुट्टीत तो त्या खोलीत स्टूल टाकून बसायचा. पेटीतल्या पंख्याची घरघर, खाली समुद्राचा सावकाश श्वास, छतावर पाण्याचा हलता उजेड. सगळी खोली दोर सोडून हळूच निघाल्यासारखी वाटायची. एकदा मीही बसलो. बाहेर पडताना पाय जरा जपून टाकले, पण हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मुख्याध्यापिका विमलाबाईंचा हुकूम होता की खिडकी बंद ठेवायची. पण आमच्याकडे पाहुणा आला की त्याला वाऱ्याला बसवतात. दाऊदभाय म्हणायचा, “मुंबयसून इलेलो पावणो. तेका काय घामटवतलास?” आणि रोज दुपारी खिडकी सताड उघडायचा.

जानेवारीत पाहुणा रुसला. बटण दाबलं की दिवा लागे, पंखा फिरे, पडदा मात्र काळा. मी प्लग काढून घातला, उजेडाचं बटण इकडून तिकडे पिळलं, मागच्या वायरी दाबल्या, शेवटी पडद्याच्या डोक्यावर दोन चापट्याही दिल्या. काही नाही. विमलाबाई आल्या. त्यांनी खिडकीच्या फळीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“मीठ आहे हे, दाऊद.”

दाऊदभायने खिडकी ओढून घेतली.

“सोमवारी मंडळी मुंबईहून बघायला येणार आहेत. तोपर्यंत चाललं नाही, तर चावी माझ्या टेबलावर ठेवायची. खोली दुसऱ्याकडे देईन.”

त्या संध्याकाळी रुकय्याभाभी गडग्याशी आली. मला वाटलं, नवऱ्याची कागाळी घेऊन आली असेल. पण आवाज खाली होता. “मास्तरांनू, कायव करा, पण ती चावी तेंच्याकडसून जावक देव नकात. ती खोली गावल्यापासून हे घराक येतत. नायतर खंय येय होते?”

यावर मी चेष्टा न करता मान डोलावली.

शनिवारी शाळा सकाळची. पोरं गेल्यावर आम्ही दोघं खोलीत शिरलो. खाडीवरचं धुकं त्या दिवशी उठलंच नव्हतं. किल्ल्याचे बुरूज आहेत की नाहीत अशी शंका यावी, असं सगळं पांढरं, मऊ. मी बटण दाबत होतो, बंद करत होतो, पुन्हा दाबत होतो, आणि दाऊदभाय स्टुलावर डोळे मिटून. मला राग आला.

“झोपलास काय रे? तुझी चावी जातेय!”

“गप रव. आयकतंय.”

“काय ऐकतोस?”

“ता बोलता. लांब एक, आखूड दोन. दर खेपेक तेंच.”

पेटीतून शिट्टी यायची हे खरं. मी समजत होतो, यंत्र जागं होताना सलाम करतं.

“धुक्यात बोटीक बोट दिसणा नाय,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “मगे भोंगो. लांब एक, आखूड दोन म्हणजे माका बाजूक होवक जमणा नाय, तुमी जपून जावा. अशा रातीनी मी मोजीत बसलंय, मास्तर. हेचा काय म्हणणां आसा, ता तुझ्या पुस्तकात बघ.”

यंत्राबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी पडद्याखाली उंचीसाठी ठेवलं होतं. ते ओढून काढलं. शेवटच्या पानांवर शिट्ट्यांचा तक्ता होता. लांब एक, आखूड दोन: पडद्याला चित्र पाठवणाऱ्या कार्डात दोष. म्हणजे पडदा निर्दोष. चापट्या उगाच खाल्ल्या बिचाऱ्याने.

प्लग काढला, चार स्क्रू सोडले, झाकण उचललं. आत ते कार्ड उभं खोचलेलं. बाहेर घेतलं तर खालच्या सोनेरी दातांवर हिरवट पांढरी साय. मी हात लावायला घाबरत होतो. दाऊदभायने माझ्या खिशातलं खोडरबर काढून घेतलं आणि हलक्या हाताने घासू लागला. “बोटीर पितळेचां मीठ काडूनच माजी हाडां झिजली,” म्हणाला. डोळ्यांवर भरवसा नव्हता, तेव्हा बोटाने चाचपून बघायचा, पुन्हा घासायचा. दात लखलखले तसं त्याने कार्ड जागेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बारीकसा आवाज झाला.

मी बटण दाबलं.

शिट्टी एकच. आखूड.

“बोट सुटली!” दाऊदभाय म्हणाला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला त्यानंतर दोन श्वास लागले.

मला वाटलं, आता हा नाचेल. हा सरळ विमलाबाईंच्या खोलीत गेला आणि चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. मी मागोमाग.

“बाईनू, चालू झाला. पण चूक माजीच. आणि खरां सांगतंय, चावी माज्याकडे रवली तर खिडकी मी परत उघडतलंय. बंद खोलीत माजो जीव घुसमाटता.”

असा वकील मी जन्मात पाहिला नाही, स्वतःच्याच विरुद्ध लढणारा. विमलाबाईंनी त्या चावीवर बोट ठेवलं. खिडकीबाहेर धुकं तसंच होतं.

“यंत्र चालू असेल तेव्हा खिडकी बंद,” त्या म्हणाल्या. “बंद असेल तेव्हा त्याला जाड प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळायचं, मग उघडा काय ती. आणि रोज सकाळी ते किती वेळा वाजलं, ते मला येऊन सांगायचं. आमच्या सरांना ते ऐकू येत नाही.”

चावी त्यांनी बोटाने त्याच्याकडे सरकवली.

सोमवारी मुंबईकर आले, पडदा बघून खूश झाले, चहा पिऊन गेले. तेव्हापासून प्रार्थनेनंतर दाऊदभाय विमलाबाईंच्या दाराशी उभा राहून सांगतो, “एकच, बाईनू. आखूड.” त्याही हातातलं पेन खाली ठेवून ऐकतात आणि म्हणतात, “बरं.”