मामींचा आवाज इमेजमध्ये आलाच नाही

भूतबित म्हटलं की मी हसणाऱ्यांतला. आमच्या ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं की पहिली खवचट कमेंट माझीच! माझं काम सर्व्हर सांभाळायचं. तिथे काही बिघडलं की कारण सापडतंच, फक्त नेटाने शोधावं लागतं... असं मी परवापरवापर्यंत म्हणत होतो.

माझे मामा पनवेलला खांदा कॉलनीत एकटे राहतात. मामी उरणच्या. त्यांच्या हातच्या माशांची एक वेबसाईट मीच कधीकाळी बनवून दिली होती, PHP या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारी, साधीच. प्रत्येक रेसिपीखाली मामींच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, कारण लिहायचा त्यांना भारी कंटाळा. बोलणं मात्र अस्सल उरणचं : "आता झाकन नाय उघडायचा हां! कोलबी कुठं पलून नाय जात!"

मामी कॅन्सरने गेल्या. तेव्हापासून मामा रोज दुपारी ओट्यावर फोन ठेवतात, रेकॉर्डिंग लावतात आणि मामी सांगतील तसं करत जातात. ज्या माणसाला कधी चहा जमला नाही, तो असा दोन वेळचं जेवू लागला.

मग साईट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंगवाल्यांचा मेल आला, जुने सर्व्हर बंद करणार. आमची साईट इतक्या जुन्या PHP वर होती की नव्या सर्व्हरवर ती चाललीच नसती. मामांचा चेहरा पडला. म्हटलं, "मामा, टेन्शन नका घेऊ. मी कंटेनर बनवतो." म्हणजे साईट, तिला लागणारं जुनं PHP, फोटो, रेकॉर्डिंग, सगळं एकत्र बांधून एक इमेज करायची. ती कुठेही नेऊन चालू केली तरी साईट जशीच्या तशी उघडते.

इमेज झाली. साईट झकास उघडली... फोटो, मजकूर, सगळं जागच्या जागी. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं तर शुकशुकाट. कॉपी करताना काही राहिलं असेल म्हणून जुन्या सर्व्हरवरच्या मूळ फाईल्स बघितल्या. प्रत्येक रेकॉर्डिंगची साईज शून्य! नुसती नावं, आत काहीच नाही. तारीख मामी जायच्याही आधीची. तेव्हा कंपनीने एकदा सर्व्हर बदलला होता, त्यात फाईल्स कोऱ्या झाल्या असणार. बॅकअप विचारला, तर एवढा जुना ठेवत नाही म्हणाले.

मग मामा इतकी वर्षं ऐकत काय होते?

तडक त्यांच्याकडे गेलो. मामा कांदा चिरत होते. ओट्यावरच्या फोनमधून मामी बोलत होत्या, स्वच्छ. मी म्हटलं, फोनमध्ये साठून राहिलं असेल. माझ्या फोनवर, माझ्या नेटवर तीच जुनी साईट उघडली. तिथेही मामी! "एवरा तेल बास, तलायचा नाय हाय!" लॅपटॉप उघडून सर्व्हरची नोंद बघितली — बटण दाबल्याची नोंद होती, पण सर्व्हरने पाठवलं होतं शून्य.

दुसऱ्या फोनवर ते सगळं रेकॉर्ड करून घेतलं. घरी येऊन ऐकलं. पंखा, कढईत हलणारा झारा, मामांचं खोकणं, "मामा, जरा गप्प बसा ना" हे माझं बोलणं... मामींच्या जागी काही नाही.

पुन्हा इमेज बनवली. सर्व्हरची पूर्ण नक्कल घेतली, त्याच नावाने, त्याच सेटिंगने. डोंबलाचा कंटेनर! त्यात मामी काही आल्या नाहीत. मित्राला दाखवलं, तो म्हणाला, "अरे, शून्याची फाईल वाजणार कशी?" तेच तर विचारत होतो ना मी!

जुना सर्व्हर बंद व्हायच्या दिवशी मामांनी गॅस पेटवलाच नाही. खुर्ची ओढून बसले आणि एकेक रेसिपी लावत गेले. मी शेजारी. कोळंबीच्या कालवणात, वाक्याच्या मध्येच आवाज थांबला. मामांनी फोन हलवून बघितला. "नेट गेलं असेल," म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा. मला सुचलं ते सगळं करून झालं, आणि आता तो सर्व्हरही उरला नाही. माझी नवी साईट मात्र व्यवस्थित चालू आहे.

मामांनी ती बंद करू दिली नाही. परवा गेलो तर दुपारी ओट्यावर फोन होता, बटण दाबलेलं, आवाज नाही. कोळंबीवर झाकण ठेवून मामा चमचा धरून नुसते उभे. मला बघून म्हणाले, "बाळ्या, मीठ किती सांगायची रे ती?"

साईटवर लिहिलंय, मीठ चवीपुरतं. प्रमाण मामी तोंडाने सांगायच्या. त्या दिवसांत मीही ते किती वेळा ऐकलं... खूप आठवून बघितलं.

मामांनी अंदाजाने मीठ टाकलं. आम्ही जेवलो. खारट झालं होतं.